मळभ आले की मावा का वाढतो?

१. निरीक्षण खरे, कारण वेगळे

डिसेंबरात दोन-चार दिवस मळभ राहिले की वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसू लागतो, हे जयगडच्या खाडीकाठचा कोणीही शेतकरी सांगेल. आंब्याच्या मोहोराबद्दलही कोकणात हेच ऐकू येते. त्यातून सहज प्रश्न पडतो: आभाळाचा आणि किडीचा नेमका संबंध काय? मळभ कीड घेऊन येते, की किडीला आवडते म्हणून ती त्या दिवसांत येते?

यातले निरीक्षण बिनचूक आहे. कारण मात्र बहुधा चुकीचे सांगितले जाते. मळभाबरोबर कीड कुठून येत नाही. ती आठवडा-दोन आठवडे आधीपासून शेतात असते, पण इतकी थोडी की नजरेस पडत नाही. हवामान तिला आणत नाही; तिच्यातले किती जगतील आणि किती वेगाने वाढतील, एवढेच ते ठरवते. या प्रकरणातला पुढचा सारा भाग या एका गोष्टीचा विस्तार आहे.

त्याआधी जागा आणि पिके पाहू. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे, रत्नागिरी तालुक्याच्या उत्तर टोकाला जयगड आहे. वर जांभ्या दगडाचा सडा, खाली घळीघळींतून भाताची खाचरे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या किनाऱ्यावर ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. ऑक्टोबरात भात कापले की त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, पावटा, चवळी, कुळीथ, मूग अशी कडधान्ये घेतली जातात. बहुतेक ठिकाणी पाणी द्यायची सोय नसते. डिसेंबर-जानेवारीत फुले, जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा आणि ओल संपली की पीक संपले.

या पिकांवरच्या किडी तीन तऱ्हांच्या. रस शोषणाऱ्या म्हणजे मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे. फुले-शेंगा खाणाऱ्या म्हणजे घाटेअळी, फुलांची जाळी करणारी मारुका अळी, पिसारी पतंगाची अळी आणि तुरीवर शेंगमाशी. तिसरा साठवणीतला भुंगेरा. हवामान या तिघांशी तीन वेगळ्या प्रकारे वागते. म्हणूनच ‘ढगाळ हवामानामुळे किडीचा प्रादुर्भाव’ हे बातम्यांतले ठरलेले वाक्य फारसे उपयोगाचे नाही. ते सगळ्या किडींना एकाच दावणीला बांधते.

२. किडीचे घड्याळ उन्हावर चालते

माणसाचे शरीर बाहेर थंडी असो वा उकाडा, आतले तापमान सुमारे ३७ अंशांवर धरून ठेवते. किडीला ती सोय नाही. भोवतालची हवा, पान, माती जितकी उबदार, साधारण तितकेच तिचे अंग उबदार. अंड्यातून बाहेर पडणे, कात टाकणे, कोष करणे, पतंग होणे ही सगळी कामे त्या उबेच्या वेगाने चालतात. विरजण लावलेले दूध मे महिन्यात तीन-चार तासांत घट्ट होते आणि थंडीत रात्रभर ठेवावे लागते, त्यातलाच हा प्रकार. विरजण तेच, दूध तेच. वेळ मात्र उबेप्रमाणे बदलते.

ही वेळ मोजण्यासाठी कीटकशास्त्रज्ञ ‘उष्णता-दिवस’ नावाचे माप वापरतात. प्रत्येक किडीची एक खालची मर्यादा असते. त्याहून थंडी पडली तर तिची वाढ थांबते. दिवसाचे सरासरी तापमान या मर्यादेच्या जितके अंश वर, तितके उष्णता-दिवस त्या दिवशी जमा झाले. ठरावीक बेरीज पुरी झाली की पिढी पूर्ण होते.

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. समजा, एका शेंग पोखरणाऱ्या अळीची वाढ १२ अंशांखाली थांबते आणि अंड्यापासून पतंग होईपर्यंत तिला ४५० उष्णता-दिवस लागतात. डिसेंबरअखेर नागपूरला दिवसा २८ आणि रात्री १२ अंश असतील तर सरासरी २० झाली. रोज ८ जमा होतात, म्हणून पिढीला ५६ दिवस लागतात. जयगडला जानेवारीत दिवसा ३१, रात्री १९, म्हणजे सरासरी २५. रोज १३ जमा होतात आणि पिढी ३५ दिवसांत पुरी होते. मे महिन्यात जयगडची सरासरी २९.५ धरली तर रोज १७.५ जमा होऊन २६ दिवस पुरतात.

या हिशेबातून किनाऱ्याचा स्वभाव दिसतो. विदर्भात थंडीची लाट आली की घाटेअळी सुस्तावते. हरभऱ्याला तेवढीच उसंत मिळते. जयगडला समुद्र रात्रीचे तापमान फार उतरू देत नाही. सर्वांत थंड आणि सर्वांत उष्ण महिन्यातल्या सरासरीत पाच अंशांचाही फरक नसतो. इथे थंडीने किडीचे काम थांबल्याचे वर्ष सापडणे कठीण. मग एका वर्षी वाल किडीने जातो आणि दुसऱ्या वर्षी सुटतो, हा फरक तापमानातून येत नाही. तो पाण्यातून येतो: पावसातले पाणी, हवेतली आर्द्रता, पहाटेचे दहिवर, मातीतली ओल. देशावरच्या पुस्तकांतले किडीचे वेळापत्रक किनाऱ्यावर जसेच्या तसे लागू पडत नाही, त्याचे मुख्य कारण हेच.

उष्णतेला वरचीही मर्यादा असते. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अंडी आणि नुकत्या बाहेर आलेल्या अळ्या सुकून मरतात. विदर्भात एप्रिल-मेमध्ये असे होते. जयगडला त्या टोकाची वेळ क्वचितच येते.

३. माव्याचा हिशेब

वालाचा किंवा चवळीचा किडका शेंडा जवळून पाहिला तर काळे चकचकीत ठिपके दाटीने बसलेले दिसतात. ती मोठी झालेली मादी. तिच्याभोवती राखाडी, बुकटी लावल्यासारखी दिसणारी पिल्ले. खालच्या पानांवर पांढरे कोंड्यासारखे कण पडलेले असतात. त्या पिल्लांनी टाकलेल्या काती. पान हाताला चिकट लागते, कारण मावा शोषलेल्या रसातली जास्तीची साखर बाहेर टाकतो. त्या गोडीसाठी मुंग्या वेलीवर चढतात आणि चिकट्यावर पुढे काळी काजळी धरते.

माव्याच्या मादीला उष्ण प्रदेशात नर लागत नाही. ती अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते आणि सगळी पिल्ले माद्याच असतात. हवामान मानवले तर आठवडाभरात पिल्लू आई होते.

आता साधा हिशेब. एक पिढी ८ दिवसांची धरू. एका मादीमागे २० पिल्ले जगली तर आठव्या दिवशी २०, सोळाव्या दिवशी ४०० आणि चोविसाव्या दिवशी ८०००. तीच मादी, तितकीच पिल्ले. पण भक्षक आणि हवामान मिळून फक्त २ पिल्ले मोठी होऊ देत असतील तर चोविसाव्या दिवशी शेंड्यावर ८ मावे असतील. कोणाला दिसणारही नाहीत. हवामानाचा हात जन्मावर फारसा नसतो, जगण्यावर असतो. आणि तो थोडासा हलला तरी तीन आठवड्यांत ८ आणि ८००० एवढा फरक पडतो.

मळभ नेमके काय करते, हे आता सांगता येते. पहिले, थेट ऊन नसल्याने शेंड्यावरचे पान तापत नाही. दिवसभर तापमान माव्याला मानवणाऱ्या विसाच्या वर आणि तिशीच्या आत राहते. दुसरे, हवा दमट असल्याने नुकते जन्मलेले, मऊ कातडीचे पिल्लू सुकत नाही. तिसरे कारण अनेकदा सुटते: माव्याचे शत्रू उन्हाचे आहेत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे, माव्याच्या अंगात अंडे घालणारी बारीक गांधीलमाशी, अळीअवस्थेत मावा खाणारी सिरफिड माशी, हे सारे ऊन चढल्यावर फिरतात. मळभाच्या दिवशी त्यांची शोधाशोध मंदावते. मावा तर सोंड खुपसून बसल्या जागी जेवतो. त्याला उन्हाची गरज नसते.

चौथी गोष्ट म्हणजे मळभ असते पण पाऊस नसतो. हाच खरा घातक संयोग. चांगला पाऊस पडला असता तर मावा धुऊन गेला असता.

या चार गोष्टी मिळून आठवडाभर टिकल्या की विसातल्या दोन पिल्लांच्या जागी दहा-पंधरा जगतात. शेतकऱ्याला मावा दिसतो तो शेंडा काळा पडल्यावर, म्हणजे दोन-तीन पिढ्या उलटल्यावर. तोवर आभाळ भरून आलेले असते, आणि मावा मळभातून पडला असे वाटते.

ढगाला पाहून लगेच फवारणी करणे म्हणूनच अनेकदा अंगाशी येते. त्या वेळी शेंड्यावर मावा थोडा आणि ढालकिडे तितकेच असतात. फवाऱ्याने दोन्ही मरतात. ढालकिड्याची पिढी पुरी व्हायला तीन-चार आठवडे लागतात, माव्याला एक आठवडा. पुढचा मावा निर्धास्त वाढतो.

४. पाऊस: कधी वैरी, कधी मदतनीस

जयगडच्या भर पावसाळ्यात, बांधावरच्या चवळीवर किंवा परसातल्या पावट्यावर मावा आणि फुलकिडे फार टिकत नाहीत. टपोऱ्या थेंबाच्या माऱ्याने ते खाली पडतात आणि चिखलातून पुन्हा वेलीवर चढणे त्यांना जमत नाही. पानाच्या वरच्या बाजूला किंवा कळीवर घातलेली पतंगांची अंडीही धुऊन जातात. तुषारासारखी रिमझिम मात्र हे काम करत नाही; ती पान ओले ठेवते, कीड झटकत नाही.

जमिनीखालीही पाऊस काम करतो. घाटेअळी पूर्ण वाढली की वेलीवरून उतरून मातीत शिरते आणि तिथे कोष करते. देशावर हे कोष शेतातच राहतात. उन्हाळी नांगरटीने वर आले की उन्हात सुकतात किंवा बगळे-कावळे टिपतात. भाताच्या खाचराची गोष्ट वेगळी. जुलैपासून तिथे चिखलणी झालेली, वर पाणी उभे. फेब्रुवारीत त्या मातीत गेलेली कोणतीही कीड ऑक्टोबरात त्याच मातीतून वर येणे जवळपास अशक्य. दर वर्षी खाचरातला वाल कोऱ्या पाटीवर सुरू होतो आणि कीड बाहेरून येते: बांधावरून, परसातल्या घेवड्यावरून, माळावरच्या रानटी शेंगवर्गीय वेलींवरून. कुंपणाला आणि हिरवळीच्या खताला लावलेले गिरीपुष्प हेही चवळीवरच्या काळ्या माव्याचे आवडते झाड आहे. खाचराच्या कडेला गिरीपुष्पाची रांग असेल तर पहिला मावा तिकडून शेतात उतरलेला असू शकतो; आधी त्याच बाजूच्या ओळी तपासाव्यात.

खरी पंचाईत अवेळी पावसाची. डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकत असताना कोकण किनाऱ्यावर पाऊस झाला. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांतही असाच अवकाळी पाऊस पडला. अशा पावसाचे परिणाम एकामागून एक उलगडतात. पहिल्या दिवशी मावा धुतला जातो, पण फुलेही गळतात. पुढचे तीन-चार दिवस मळभ. मातीला पुन्हा ओल मिळाल्याने, आता शेंगांकडे वळू लागलेला वेल नवे शेंडे फेकतो. कोवळ्या शेंड्यात माव्याला हवा तसा नत्रयुक्त रस. पावसातून वाचलेल्या थोड्या माद्यांना तेवढे पुरते आणि दोन-तीन आठवड्यांत मावा आधीपेक्षा जास्त होतो. शिवाय फुलोरा दोन हप्त्यांत विभागला गेल्याने कळ्या-फुले शेतात जास्त दिवस राहतात. शेंग पोखरणाऱ्या अळ्यांचे जेवण तितकेच लांबते. एका पावसाची भरपाई पीक महिनाभर करत राहते.

उलट बाजूही आहे. पावसाने फार दिवस ओढ दिली, हवा कोरडी आणि ऊन कडक झाले, की पांढरी माशी आणि फुलकिडे वाढतात. पांढरी माशी रस शोषते त्याहून मोठे नुकसान करते ते पिवळ्या मोझॅकच्या विषाणूचा प्रसार करून. मुगाचे, उडदाचे पान पिवळ्या-हिरव्या ठिगळांचे झाले की त्या झाडाला औषध नाही. ते उपटून टाकावे लागते. कोकणात पावसाळी मुगापेक्षा उन्हाकडे झुकलेल्या मुगावर हा धोका जास्त असतो.

५. पानाखालचे हवामान

वेधशाळा तापमान मोजते ते जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या जाळीदार पेटीतल्या सावलीत. कीड त्या पेटीत राहत नाही. दाट वालाच्या आत, जमिनीपासून वीतभर उंचीवर दुपारीही हवा थंड आणि ओली असते. जानेवारीत दहिवर पडते तेव्हा पान सकाळी आठ-नऊपर्यंत ओले राहते. आतली पाने त्याहूनही उशिरा सुकतात.

मारुका अळी या आतल्या हवामानाची रहिवासी आहे. पतंग कळ्या-फुलांवर अंडी घालतो. बाहेर पडलेली अळी, मळकट पांढरी, अंगावर काळ्या ठिपक्यांच्या जोड्या, दोन-तीन फुले आणि एखादे पान रेशमी धाग्याने एकत्र बांधते आणि आत बसून खाते. हा गुंता उलगडला की आत ओलसर विष्ठेचे बारीक दाणे आणि अर्धे खाल्लेले परागकोश सापडतात. बाहेर कोरडे वारे वाहत असले तरी या जाळीत हवा दमट राहते. पाऊस आणि फवाऱ्याचे थेंबही आत पोहोचत नाहीत. म्हणून मारुकाचा उपद्रव समजायला वेधशाळेच्या आकड्यापेक्षा वेल किती दाटला आहे हे पाहणे जास्त उपयोगी. फोकून पेरलेल्या दाट वालापेक्षा ओळीत, हात शिरेल इतक्या अंतरावर पेरलेल्या वालात वारा खेळतो, दहिवर लवकर सुकते आणि जाळी धरलेली फुले डोळ्यांना दिसतात, हाताने काढता येतात.

ओलाव्याचे एक देणेही आहे. किडींनाही रोग होतात आणि त्यातले बुरशीचे रोग दमट हवेतच पसरतात. मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात सोयाबीनवर ऑगस्ट-सप्टेंबरात पानाला चिकटून कडक झालेल्या अळ्या दिसतात; आधी खडूसारख्या पांढऱ्या, मग फिकट हिरव्या. ही नोमुरिया रिलेयी नावाची बुरशी. सलग दमट दिवस मिळाले की ती पाने खाणाऱ्या अळ्यांची संख्या फवाऱ्याशिवाय खाली आणते. ऊन पडून हवा कोरडी झाली की तिचे काम थांबते. जे मळभ माव्याला वाढवते तेच अळीला मारू शकते, ते असे.

घाटेअळीवर वापरला जाणारा विषाणू, म्हणजे दुकानात एच.ए.एन.पी.व्ही. नावाने मिळणारे जैविक कीडनाशक, याच नियमाने चालते. उन्हातली अतिनील किरणे त्याला काही तासांत निकामी करतात. तो संध्याकाळी फवारायचा असतो. सकाळी दहाला फवारला तर पैसे वाया.

६. वारा

जयगडच्या किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि रात्री-पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात. पंख फुटलेला मावा स्वतः फार उडत नाही. वारा मंद असताना झाडावरून सुटतो आणि वाहत जातो. झाडावर दाटी झाली किंवा वेल सुकू लागला की माव्याच्या पुढच्या पिढीत पंखवाल्या माद्या निपजतात. फेब्रुवारीत ओल संपताना एका खाचरातला मावा शेजारच्या हिरव्या खाचरात जातो तो यांच्यामार्फत. जोराच्या वाऱ्यात ही उड्डाणे थांबतात. उघड्या सड्यालगतच्या आणि घळीतल्या आडोशाच्या खाचरात कीड सारखी नसते, त्यात वाऱ्याचाही वाटा असतो.

घाटेअळीचा पतंग मात्र ताकदीचा. तो रात्री उडतो आणि अनुकूल वाऱ्याबरोबर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ शकतो. पतंगांवर नजर ठेवायला कामगंध सापळे वापरतात. मादीच्या वासाची गोळी लावलेल्या या सापळ्यात नर अडकतात. हेक्टरी पाच सापळे लावावेत आणि सलग दोन-तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज ८ ते १० पतंग सापडले तर उपाय सुरू करावेत, असा सर्वसाधारण सल्ला आहे. इथेही हवामानाची मेख आहे. पावसाळी किंवा वादळी रात्री पतंग उडत नाहीत, सापळा रिकामा राहतो. कीड मात्र कमी झालेली नसते. प्रकाश सापळ्यात पौर्णिमेच्या सुमारास पतंग कमी येतात, कारण चांदण्यात दिव्याची ओढ फिकी पडते. सापळ्याचा आकडा वाचताना त्या रात्रीचे आभाळ कसे होते हे शेजारी लिहिलेले असावे.

७. पेरणीची तारीख

हवामान किडीवर थेट परिणाम करते तसे पिकाच्या तारखा सरकवूनही करते. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस अरबी समुद्रातल्या क्यार चक्रीवादळामुळे कोकणात कापणीला आलेले भात पावसात सापडले. भात शेतात अडकले की वालाची पेरणी मागे पडते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेला वाल आणि महिनाअखेर पेरलेला वाल यांच्या फुलोऱ्यात दोन-तीन आठवड्यांचे अंतर पडते. उशिराच्या फुलोऱ्याला दोन अडचणी येतात. लवकरच्या खाचरांत वाढलेली कीड आता तयार असते आणि तिला ताजी फुले हवी असतात. शिवाय जमिनीतली ओल आटत चाललेली असते, त्यामुळे खाल्लेल्या फुलांच्या बदल्यात नवी फुले देण्याची वेलाची ताकद उरत नाही.

म्हणून भात निघाल्यावर ओल असेतो लगेच आणि शक्यतो शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात पेरावे, हा जुना रिवाज कीडशास्त्राच्या दृष्टीने पक्का आहे. कुळीथ मात्र या सगळ्यातून बराचसा सुटतो. तो काटक आहे, कमी ओलीवर येतो आणि त्यावर वालाइतकी कीड पडत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने वाल, चवळी आणि कुळीथ या तिन्हींचे सुधारित वाण दिले आहेत. वाण निवडताना तो किती दिवसांत निघतो हे आधी पाहावे. जितक्या कमी दिवसांत फुले उरकतील तितक्या कमी पिढ्या किडीला मिळतील.

८. अंदाज कसा बांधतात

किडीचा अंदाज आभाळ पाहून बांधता येत नाही, शेत आणि आभाळ दोन्ही पाहावे लागतात. महाराष्ट्राला हे २००८ च्या खरिपाने शिकवले. त्या वर्षी विदर्भ आणि मराठवाड्यात सोयाबीनवर तंबाखूवरची पाने खाणारी अळी आणि उंटअळी यांचा उद्रेक झाला आणि लाखो हेक्टरांवरचे पीक अळ्यांच्या तोंडी गेले. उद्रेक दिसला तेव्हा उशीर झालेला होता. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू झाला; ‘क्रॉपसॅप’ या नावाने तो ओळखला जातो. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, भात या पिकांच्या ठरावीक शेतांत जाऊन किडी मोजायच्या, आकडे संगणकावर चढवायचे, आणि कीड नुकसानीच्या पातळीजवळ आली की त्या भागातल्या शेतकऱ्यांना सल्ला पाठवायचा, अशी त्याची रीत.

हवामानाची बाजू ग्रामीण कृषी मौसम सेवा पाहते. भारतीय हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठे मिळून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, पुढच्या पाच दिवसांचा जिल्हावार अंदाज आणि पिकांसाठी सल्ला देतात. रत्नागिरी जिल्ह्यासाठी हे काम दापोलीहून चालते.

जयगडच्या एखाद्या खाचरासाठी दोन्हींची सांगड अशी घालता येते. अंदाजात पुढचे पाच दिवस ढगाळ पण कोरडे दाखवले असतील तर त्याच दिवशी शेतात फिरून वीस-पंचवीस शेंडे उलटून पाहावेत. मावा मोजका आणि ढालकिडे दिसत असतील तर थांबावे. मावा असलेले शेंडे खुडून नष्ट केले तरी पुरते. मावा आहे, ढालकिडे नाहीत आणि मुंग्यांची रांग लागली आहे, तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारायची ती वेळ. अंदाजात मोठा पाऊस दाखवला असेल तर फवारणी पुढे ढकलावी. औषधही धुऊन जाईल आणि मावाही.

येत्या काळात हे गणित जास्त अवघड होईल. अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथल्या चक्रीवादळांची संख्या व मुक्काम वाढत असल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी दाखवले आहे. समुद्रात वादळ म्हणजे किनाऱ्यावर अवेळी मळभ आणि पाऊस. पूर्वी कधीतरी येणारे असे आठवडे वारंवार आले, तर वालाच्या हंगामात माव्याला मोकळे रान मिळण्याची शक्यता तितकीच वाढेल.

९. कोठीतला पावसाळा

शेतातून वाचलेल्या कडधान्याची दुसरी परीक्षा घरात होते. भुंगेऱ्याची मादी शेतात वाळत असलेल्या शेंगेवरच अंडी घालू शकते, त्यामुळे वाल कोठीत जातो तो अनेकदा कीड घेऊनच. दाणा उजेडात धरला तर सालीवर मोहरीपेक्षाही बारीक, पांढरा, चिकटवल्यासारखा ठिपका दिसतो. ते अंडे. अळी अंड्याच्या तळातूनच दाण्यात शिरते, म्हणून बाहेर भोक दिसत नाही. आतून खात खात ती सालीखाली एक गोल जागा पातळ करते. बाहेरून ती काचेच्या खिडकीसारखी दिसते. भुंगेरा ती झाकणासारखी उघडून बाहेर पडतो, तेव्हा दाण्याला गोल भोक पडते. बाहेर आलेला भुंगेरा दाणा खात नाही. जोडीदार शोधतो, अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत मरतो.

तिशीच्या आसपास तापमान आणि सत्तर टक्के आर्द्रता मिळाली की एक पिढी महिन्याच्या आत पुरी होते. जयगडच्या घरात एप्रिलपासून ही दोन्ही हजर असतात. मार्चअखेर कोठीत गेलेल्या वालात एका जोडीने ८० अंडी घातली, त्यातली ४० जगली आणि निम्म्या माद्या निघाल्या असे धरू. एप्रिलअखेर २० माद्या, मेअखेर ४००, जूनअखेर ८०००. कडधान्याला भोके पाऊस लागल्यावर पडतात असे वाटते ते याचमुळे. पहिल्या दोन पिढ्या कोणाच्या लक्षात आलेल्या नसतात. पावसाळी हवेत दाणा ओलावा धरतो आणि अळीला पोखरायला मऊ होतो, एवढी भर पाऊस घालतो.

इथे मात्र हवामान माणसाच्या बाजूने वापरता येते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात सड्यावरचा कातळ किंवा सारवलेले खळे हवेपेक्षा बरेच तापते. त्यावर पातळ पसरलेल्या दाण्यातला ओलावा दहा टक्क्यांच्या खाली येतो आणि दाण्याच्या आतली अळी उष्णतेने मरते. दाणा पन्नास-साठ अंशांपर्यंत तापला तर काही तास पुरे होतात. दाणा दाताखाली कटकन फुटला की वाळला असे समजतात. तो पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावा, नाहीतर आत वाफ धरते. कोकणातल्या घरांत वालात चाळलेली राख मिसळण्याची पद्धत आहे. राख दाण्यांमधल्या फटी भरते, भुंगेऱ्याला फिरायला जागा उरत नाही आणि त्याच्या अंगावरचा मेणट थर खरवडला जाऊन तो सुकतो. थोडे खाद्यतेल चोळल्यानेही अंडी गुदमरतात. ते मात्र खायच्या डाळीपेक्षा बियाण्याच्या थोड्या दाण्यांना परवडते. जूनमध्ये झाकण घट्ट लावलेला डबा पावसाळ्यात पुन्हा पुन्हा उघडू नये, कारण प्रत्येक वेळी दमट हवा आत जाते. तपासायचाच झाला तर ऑक्टोबरचे ऊन पडेपर्यंत थांबावे आणि पेरणीचे बी निवडताना भोकाचे व पांढऱ्या ठिपक्याचे दाणे तेव्हाच बाजूला काढावेत.